ऑलिव्हचं गळलेलं फूल आणि एक राहून गेलेला प्रश्न



आयोजकांनी मला व्याख्यानाचा विषय विचारला, तेव्हा मी सांगितलं, "ऑलिव्हला फूल कसं येतं आणि त्या फुलाचं फळ कसं होतं, हे माणसाला कसं कळलं, त्याचा इतिहास." फोनवर पलीकडे क्षणभर शांतता. मग ते गृहस्थ अदबीनं म्हणाले, "सर, आपण तत्त्वज्ञानाचे ना?" मी म्हटलं, हो, म्हणूनच.

त्यामागे एक जुनी देणेदारी आहे. ती आधी सांगतो.

मी पस्तीस वर्षं पदवीच्या वर्गांना पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकवलं. पहिला धडा नेहमी थेल्सचा. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुरुवातीचा हा माणूस, आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या मिलेटस नगराचा. आज ती जागा तुर्कस्तानात येते. त्याच्याबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक प्लेटोनं सांगितलेली. थेल्स आकाशातले तारे बघत चालला होता आणि विहिरीत पडला. एक दासी हसली. म्हणाली, याला आकाशातलं कळतं, पायाखालचं दिसत नाही. दुसरी गोष्ट अॅरिस्टॉटलनं 'पॉलिटिक्स' या ग्रंथात सांगितली आहे, ती जणू पहिलीचं उत्तरच. लोक थेल्सला त्याच्या गरिबीवरून टोमणे मारत. तुझ्या तत्त्वज्ञानाचा उपयोग काय, असं विचारत. तेव्हा त्यानं एका हिवाळ्यात ओळखलं की येत्या हंगामात ऑलिव्हचं पीक भरघोस येणार. हाताशी पैसे थोडेच होते. ते त्यानं मिलेटस आणि किऑस इथल्या सगळ्या तेलघाण्यांना विसार म्हणून देऊन टाकले. स्पर्धेला कोणी नव्हतं, त्यामुळे घाणे स्वस्तात मिळाले. हंगाम आला, पीक उदंड आलं, सगळ्यांना एकाच वेळी घाणे हवे झाले. थेल्सनं ते आपल्या दरानं भाड्यानं दिले आणि भरपूर पैसा मिळवला. तात्पर्य काय, तर तत्त्वज्ञ मनात आणतील तर श्रीमंत होऊ शकतात, पण त्यांचं लक्ष तिकडे नसतं.

ही गोष्ट मी दरवर्षी सांगायचो. वर्ग हसायचा, मीही हसायचो. एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. रत्नागिरीकडचा, घरी आंब्याची कलमं. तो म्हणाला, "सर, आमच्याकडे मोहोर डोळ्यांनी बघूनसुद्धा कैरी किती धरेल ते सांगता येत नाही. या थेल्सला फुलं यायच्या आधीच, हिवाळ्यात, कसं कळलं?"

मी त्याला सांगितलं, "गोष्टीचा मुद्दा तो नाही." आणि पुढे गेलो.

वर्ग पुन्हा हसला, या वेळी त्याला. तो खाली बसला. पुढच्या वर्षी त्यानं विषय बदलला असं कानावर आलं. तो आज कुठे आहे, मला माहीत नाही. पण मंडळी, मुद्दा तोच होता. हे मला निवृत्तीनंतर, म्हणजे फार उशिरा उमगलं. आजचं व्याख्यान म्हणजे त्याच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर आहे असं समजा.

उत्तर द्यायचं तर आधी झाड समजून घ्यायला हवं.

ऑलिव्ह, आपल्याकडे ज्याला जैतून असंही म्हणतात, ते तसं आपल्याला परकं. पण त्याचं कुळ परकं नाही. मोगरा, जाई, जुई, सायली आणि आपला प्राजक्त, ही सगळी ऑलिव्हच्याच कुळातली. आपल्या सह्याद्रीत त्याची अगदी सख्खी बहीणही आहे. ओलिया डायोइका तिचं शास्त्रीय नाव, काही भागांत तिला पारजांभूळ म्हणतात. तेव्हा ऑलिव्हचं फूल डोळ्यांसमोर आणायचं असेल, तर प्राजक्ताचं फूल घ्या, खूप लहान करा, त्याचा केशरी देठ जवळजवळ नाहीसा करा, सुवासही काढून टाका. चार मळकट पांढऱ्या पाकळ्या, तळाशी एकमेकींना जोडलेल्या. त्यांना चिकटलेले दोनच पुंकेसर, पण त्यांची पिवळी डोकी फुलाच्या मानानं चांगली मोठी. आणि मध्ये इवलासा हिरवा अंडाशय, त्यावर दुभंगलेली कुक्षी. अशी पंधरा-वीस, कधी तीस फुलं एका तुऱ्यावर.

हा तुरा येतो कुठे? गेल्या वर्षी वाढलेल्या फांदीवर, पानांच्या बेचक्यात. तिथल्या डोळ्याचं पालवीत रूपांतर होणार की मोहोरात, याची तयारी आधीच्या उन्हाळ्यापासून सुरू झालेली असते. मग लागते हिवाळ्यातली थंडी. ती पुरेशी मिळाली तरच मोहोर फुटतो. माझ्या मुलीनं हौसेनं आणलेलं ऑलिव्हचं रोप नऊ वर्षं माझ्या पुण्यातल्या गच्चीवर कुंडीत आहे. पानं सुरेख, खालून चंदेरी. पण फूल? एकही नाही. पुण्याची थंडी आपल्याला शाल पांघरायला पुरते, त्याला पुरत नाही.

भूमध्य समुद्राच्या काठी साधारण एप्रिलअखेरपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत, जागेप्रमाणे, ही फुलं उमलतात. मोठ्या झाडावर त्यांची संख्या लाखांच्या घरात जाते. त्यातली काही उभयलिंगी असतात, काही नुसती नर. नर फुलांत अंडाशय वाढलेलाच नसतो. आंब्याच्या मोहोरातही हेच असतं, हे बागायतदारांना माहीत आहे. फुलण्याच्या आधीच्या काही आठवड्यांत झाडाला पाणी किंवा अन्न कमी पडलं, तर नर फुलांचं प्रमाण वाढतं. उभयलिंगी फुलांतलीही बहुतेक गळतात. शंभर फुलांमागे एक-दोन फळं टिकली, तरी पीक चांगलं आलं असं म्हणतात. आणि या वर्षी झाड लगडलं, तर पुढच्या वर्षी ते विश्रांती घेतं, कारण फळं पोसण्यात शक्ती गेली, नवी फांदी वाढली नाही, आणि पुढच्या वर्षीचा मोहोर तर त्याच फांदीवर यायचा असतो. हापूसवाल्यांना हे एक वर्षाआडचं गणित वेगळं सांगायला नको.

आता परागीभवन. ऑलिव्हचं फूल मधमाशीला मध देत नाही. तिच्यावर त्याची भिस्तही नाही. त्याचा सगळा भरवसा वाऱ्यावर. पिवळी धूळ वाऱ्यावर सुटते, त्यातला एखादा कण दुसऱ्या फुलाच्या कुक्षीवर पडतो, तिथे रुजतो, त्यातून एक सूक्ष्म नळी निघून आत बीजांडापर्यंत पोचते आणि फळ धरतं. दोन ओळींत सांगून झालं. पण या दोन ओळी जुळायला माणसाला दोन हजारांहून अधिक वर्षं लागली. आणि माझा आजचा प्रश्न आहे, का लागली?

लोकांचं झाडाकडे लक्ष नव्हतं म्हणून? छे. ग्रीसमध्ये ऑलिव्हइतकं लक्ष दुसऱ्या कोणत्या झाडाकडे असेल, असं वाटत नाही. दिव्याला तेल तेच, जेवणात तेच, आखाड्यात अंगाला चोळायला तेच. सोलन हा अथेन्सचा कायदेकर्ता, इसवी सनपूर्व ५९४ मध्ये तो सत्तेवर आला. त्यानं शेतमालापैकी फक्त ऑलिव्ह तेल परदेशी विकायला परवानगी दिली होती, असं प्लुटार्क सांगतो. अथीना देवीची म्हणून काही झाडं पवित्र मानलेली असत. त्यांचं तेल देवीच्या उत्सवातल्या स्पर्धांत जिंकणाऱ्यांना मोठ्या रांजणांतून बक्षीस म्हणून मिळे. असं झाड तोडणाऱ्याला पूर्वी मृत्युदंड होता. लिसियस नावाच्या वक्त्याचं एक भाषण आजही उपलब्ध आहे. एका माणसावर पवित्र ऑलिव्हचा बुंधा उपटल्याचा आरोप होता, त्याच्या बचावाचं. ज्या समाजात बुंध्यावरून खटले चालतात, तिथे झाडाकडे दुर्लक्ष होतं असं म्हणता येणार नाही.

आणि ते लोक फुलांकडेही बघत होते. याचा पुरावा आहे, आणि मला तो या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर पुरावा वाटतो.

अॅरिस्टॉटलचा एक सहकारी होता थिओफ्रॅस्टस, लेस्बॉस बेटावरचा. अॅरिस्टॉटलनंतर त्याची शाळा यानंच चालवली. वनस्पतींवरचे त्याचे दोन मोठे ग्रंथ आज उपलब्ध आहेत. पहिल्या ग्रंथात फुलांबद्दल बोलताना तो ऑलिव्हविषयी एक बारीकशी नोंद करतो. ती माझ्या शब्दांत सांगतो. ऑलिव्हचं गळून पडलेलं फूल बघावं. त्याला मध्ये भोक असेल, तर मोहोर नीट पार पडला असं लोक समजतात. पण उन्हानं करपून किंवा पावसात भिजून फूल गळलं असेल, तर ते फळाला सोबत घेऊन पडतं आणि त्याला भोक नसतं.

हे नीट बघा हं. पाकळ्या तळाशी जोडलेल्या, म्हणजे त्यांचं एक कडं झालेलं. मधला अंडाशय झाडावरच राहिला, तर कडं त्याच्यावरून सुटून खाली पडणार, आणि जिथे अंडाशय होता तिथे भोक दिसणार. अंडाशयासकट सगळंच गळलं, तर भोक कुठून दिसणार? म्हणजे तो शेतकरी झाडावर न बघता झाडाखाली बघतोय. मातीतलं फूल उचलतो, उजेडाकडे धरतो, त्यातून पलीकडचं दिसतंय का बघतो. आणि कापणीच्या पाच-सहा महिने आधी हिशेब मांडतो. भोक असलं म्हणजे फळ हमखास असं नाही. मागे राहिलेल्या अंडाशयांतले पुष्कळसे नंतर गळतातच. पण भोक नसलं तर त्या फुलापुरता विषय संपला, हे शंभर टक्के बरोबर. त्याला परागकण ठाऊक नव्हता, कुक्षी ठाऊक नव्हती, तरी त्याची खूण खरी होती.

थिओफ्रॅस्टसचा मोठेपणा असा की त्यानं ही खूण नोंदवली आणि "लोक असं समजतात" म्हणून श्रेय लोकांना दिलं. मी वर्गात जे केलं, ते त्यानं केलं नाही.

मग तो पुढे का गेला नाही? कारण दुसरा धागाही त्याच्याच हातात होता. खजुराचा.

खजुराची झाडं नर वेगळी, मादी वेगळी. बॅबिलोनियात नराचा फुलोरा मादीवर झाडायची पद्धत फार जुनी. हम्मुराबीच्या कायद्यात, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या अठराव्या शतकात, खजुराची बाग माळ्याकडे या कामासाठी सोपवण्याचे नियम आहेत. हिरोडोटसनं या पद्धतीबद्दल लिहिलं, पण तिची अंजिराच्या माशीशी गल्लत केली. थिओफ्रॅस्टसनं ती गल्लत केली नाही. त्यानं स्वच्छ लिहिलं की नराचा फुलोरा कापून त्याची धूळ मादीच्या फळांवर झाडतात, आणि असं केलं तर फळं गळत नाहीत. दुसऱ्या ग्रंथात तर तो म्हणतो की हे माशांसारखं आहे. मादीनं अंडी घातली की नर मासा त्यांच्यावर आपलं वीर्य शिंपडतो, तसं.

आणि अंड्याची उपमा ऑलिव्हलाही मिळालेली होती. एम्पेडोक्लीझ या त्याच्याही आधीच्या तत्त्वज्ञानं ऑलिव्हच्या फळांना झाडाची अंडी म्हटलं होतं, आणि अॅरिस्टॉटलनं ते पसंतीनं उद्धृत केलं होतं. म्हणजे बघा, टेबलावर काय काय मांडून ठेवलं आहे. ऑलिव्हचं फळ म्हणजे अंडं. अंड्यावर नराची धूळ पडल्यावर ते टिकतं, हे खजुरावरून माहीत. ऑलिव्हच्या फुलात पिवळी धूळ आहे, ती तर दिसतेच. आणि गळलेल्या फुलातल्या भोकावरून कोणतं अंडं मागे राहिलं तेही कळतं. फक्त जोडायचं बाकी होतं. जोडलं नाही.

याची मला दोन कारणं दिसतात.

पहिलं कारण आमच्या धंद्याचं, म्हणजे तत्त्वज्ञांचं. अॅरिस्टॉटलनं प्राण्यांच्या उत्पत्तीवरच्या ग्रंथात एक सिद्धान्त मांडला होता. प्राण्यांमध्ये नर आणि मादी वेगळे असतात, वनस्पतींमध्ये ते एकत्र मिसळलेले असतात, म्हणून वनस्पती आपल्या आपणच बी निर्माण करते. सिद्धान्त नीटनेटका आहे, आणि अर्धा खराही आहे, कारण बहुतेक फुलं उभयलिंगीच असतात. पण त्यामुळे झालं काय? जे मुळातच मिसळलेलं आहे, ते एकत्र कसं येतं हा प्रश्नच उरला नाही. खजूर हा अपवाद ठरला. नर-मादी हे शब्द तर ग्रीक लोक पुष्कळ झाडांना लावायचे, पण कशावरून? लाकूड कठीण की मऊ, झाड फळतं की नाही, यावरून. शब्द होता, पण तो भलत्याच गोष्टीला चिकटलेला होता. चुकीच्या उत्तरापेक्षा अर्धं बरोबर उत्तर जास्त दिवस वाट अडवतं. चुकीचं उत्तर कधी ना कधी उघडं पडतं, अर्ध्या बरोबर उत्तराला रोज थोडा थोडा पुरावा मिळत राहतो.

दुसरं कारण मला आपल्या न्यायशास्त्रामुळे समजलं. आपल्याकडे कार्यकारण ठरवायचं तर अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही पाहिजेत म्हणतात. अन्वय म्हणजे हे असलं की ते असतं. व्यतिरेक म्हणजे हे नसलं की ते नसतं. स्वयंपाकघरात धूर आहे, अग्नी आहे. तळ्यात अग्नी नाही, धूरही नाही. दोन्ही बघितल्याशिवाय धुराचा अग्नीशी संबंध पक्का होत नाही.

आता ग्रीक शेतकऱ्याची अडचण बघा. खजुराच्या बागेत नर झाडं मोजकी, आणि धूळ माणूस आपल्या हातानं नेतो. एका वर्षी नेली नाही की फळ नाही. व्यतिरेक आपोआप दिसतो. पण ऑलिव्हच्या प्रदेशात? डोंगराच्या डोंगर ऑलिव्हनं भरलेले. मे महिन्यात हवाच परागकणांनी भरलेली. तिथे "परागकण नाहीत, म्हणून फळ नाही" अशी परिस्थिती दिसणार कुठे? करप्या वाऱ्याचं वर्ष दिसलं, पावसाचं दिसलं, म्हणून ऊन आणि पाऊस ही कारणं त्यांना सापडली. वाऱ्यानं होणारं नुकसान दिसलं. वारा रोज करत होता ते काम दिसलं नाही, कारण ते कधी थांबलंच नाही. अन्वय उदंड, व्यतिरेक शून्य.

व्यतिरेक पुढे मुद्दाम घडवून आणावा लागला. तो घडवला जर्मनीत, ट्युबिंगेनच्या विद्यापीठात, रुडॉल्फ याकोब कामेरारियस यानं. तिथल्या वनस्पती-उद्यानाचा तो प्रमुख होता. त्याच्या लक्षात आलं की जवळपास नर झाड नसलेल्या तुतीच्या मादी झाडाला फळं येतात, पण बिया पोकळ असतात. मग त्यानं हातानं करून पाहिलं. एरंडाची नर फुलं उमलण्याआधी खुडून टाकली. मक्यावरही तसा प्रयोग केला. धड बी धरलं नाही. १६९४ मध्ये त्यानं हे सगळं एका सहकाऱ्याला लिहिलेल्या लांबलचक पत्रात मांडलं. पुंकेसर हा नराचा अवयव आहे, आणि त्याच्या धुळीशिवाय बी नाही. थिओफ्रॅस्टस गेला इसवी सनपूर्व २८७ च्या सुमाराला. मध्ये जवळजवळ दोन हजार वर्षं गेली, आणि प्रयोग काय होता? फूल खुडणं! त्याला दुर्बीण लागली नाही, सूक्ष्मदर्शक लागला नाही. एरंड तर ग्रीकांकडेही होता. लागला तो एवढाच संशय की हे काढून टाकलं तर काय होईल.

पुढचे टप्पे भरभर आले. १७६१ पासून कोलरॉयटरनं कीटकांचं काम दाखवलं. १७९३ मध्ये श्प्रेंगेलनं कीटकांच्या आणि वाऱ्याच्या भरवशावरच्या फुलांतला फरक स्पष्ट केला. मध नाही, भडक रंग नाही, पराग मात्र रग्गड, ही वाऱ्यावरच्या फुलाची लक्षणं. ऑलिव्हचं वर्णन यात बरंचसं बसतं. १८२० च्या दशकात इटलीतल्या अमिची यानं परागकणातून निघणारी नळी पहिल्यांदा पाहिली, ती आपल्या घोळाच्या भाजीच्या फुलात. आणि १८८४ मध्ये स्ट्रासबुर्गरनं त्या नळीतून गेलेलं केंद्रक बीजांडातल्या केंद्रकाशी एकरूप होताना दाखवलं. भोक असलेल्या फुलामागचं रहस्य तिथे पुरतं उलगडलं.

एक गंमत सांगायची राहिली. सोलनचा आणखी एक कायदा होता. शेजाऱ्याच्या बांधापासून इतर झाडं पाच फुटांवर लावावीत, पण ऑलिव्ह आणि अंजीर मात्र नऊ फुटांवर, कारण त्यांची मुळं लांब जातात आणि शेजारच्या झाडांचं अन्न ओढून घेतात. म्हणजे शेजाऱ्याचं ऑलिव्ह हा उपद्रव, असं कायद्याचं म्हणणं. जमिनीखालचं ते खरंही असेल. पण ऑलिव्हच्या पुष्कळ जाती स्वतःच्या परागानं नीट फळत नाहीत, त्यांना दुसऱ्या जातीचा पराग लागतो, हे आता माहीत झालं आहे. एकाच जातीची मोठी बाग लावली आणि पीक पडलं, असे अनुभव घेऊनच बागायतदार मधूनमधून दुसऱ्या जातीची झाडं लावायला शिकले. म्हणजे ज्या शेजाऱ्याला कायद्यानं चार फूट जास्त लांब ठेवलं, त्याच्याच झाडावर माझं फळ अवलंबून असू शकतं. भांडण मुळांचं दिसलं, उपकार वाऱ्यानं केले, म्हणून ते कोणाच्या हिशेबात आले नाहीत.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. हिवाळ्यात थेल्सला कसं कळलं?

अॅरिस्टॉटल म्हणतो, ताऱ्यांच्या ज्ञानावरून. सिसेरोनंही ही गोष्ट सांगितली आहे. त्यात घाणे नाहीत, थेल्स मिलेटसच्या शेतांतले ऑलिव्हच विकत घेतो, पण तेही झाडं फुलू लागण्याच्या आधी. दोन्हीकडे भर एकाच गोष्टीवर, की त्याला फुलाच्याही आधी कळलं. ताऱ्यांवरून ते कळणं शक्य नाही. पण झाडावरून काहीतरी कळणं शक्य आहे. मी मघाशी सांगितलं, फुलं गेल्या वर्षीच्या नव्या फांदीवर येतात, आणि भरघोस वर्षानंतर फांद्या आखूड राहतात. तेव्हा ज्याच्या लक्षात असेल की गेलं वर्ष विश्रांतीचं होतं, आणि जो हिवाळ्यात बागेतून हिंडून लांब, सशक्त फांद्या बघेल, त्याला येत्या वर्षाचा अंदाज बांधता येईल. आणि थेल्सनं हे पाहिलं असेल, किंवा एखाद्या शेतकऱ्याला विचारलं असेल, असा माझा तर्क आहे. पुरावा नाही, तर्क आहे.

पण त्या मुलाचा आक्षेप तरीही उभा राहतो. फांदीवरून मोहोराचा अंदाज येईल, फळाचा कसा येईल? मध्ये थंडी आहे, पाऊस आहे, करपा वारा आहे, परागीभवन आहे. याचं उत्तर अॅरिस्टॉटलच्या गोष्टीतच आहे, आणि पस्तीस वर्षं शिकवूनही माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. थेल्सनं घाणे विकत घेतले नाहीत. त्यानं विसार दिला. पीक आलं नसतं, तर विसार बुडाला असता, माणूस बुडाला नसता. त्याला खात्री नव्हती. त्याला अंदाज होता, आणि अंदाजावर जितकं लावावं तितकंच त्यानं लावलं. मी मात्र मुलांना त्याची गोष्ट खात्रीची म्हणून सांगत आलो.

आणि मुलाच्या बाजूनं आणखी एक गोष्ट. स्पेन, इटली, पोर्तुगाल, ट्युनिशिया या देशांत आज ऑलिव्हच्या पिकाचा अंदाज कसा बांधतात, माहीत आहे? हवेतले परागकण मोजून. हर्स्ट नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेलं एक यंत्र आहे. ते मिनिटाला १० लिटर हवा ओढतं आणि कण चिकट पट्टीवर पकडतं. मोहोराच्या दिवसांत हवेत पराग किती होते, त्यावरून आणि पावसापाण्याच्या नोंदींवरून कापणीच्या काही महिने आधी अंदाज देतात. वाऱ्याचं जे काम ग्रीकांना दिसलं नाही, ते आता मोजता येतं. तरीही तो अंदाजच असतो, आणि फुलं आल्यानंतरचा असतो. अडीच हजार वर्षांनी, यंत्रं हाताशी असताना, विज्ञान त्या मुलाच्याच बाजूला उभं आहे. हिवाळ्यात कोणालाही पक्कं सांगता येत नाही.

तो मुलगा कुठे असेल तिथे त्याला माझं एवढंच सांगणं आहे, की बाबा, मुद्दा तुझाच बरोबर होता. आणि इथे बसलेल्या शिक्षकांनाही सांगतो. वर्गात एखादा "हे कसं कळलं?" असं विचारतो, तेव्हा तो विषय सोडून बोलत नसतो. ज्ञानाचा इतिहास तिथूनच सुरू होतो.

जाता जाता एक. पावसाळा सरता सरता प्राजक्त फुलायला लागेल. सकाळी सडा पडला की एक फूल उचला आणि उलटं करून केशरी देठाच्या टोकाकडे बघा. तिथे भोक दिसेल. हार करताना आपण सुई घालतो ते तिथेच. त्या भोकातला अंडाशय वर झाडावर राहिलेला आहे. ग्रीसमधला तो शेतकरी मातीतलं फूल उचलून हेच बघत होता.

आता कोणाचे प्रश्न असतील तर जरूर विचारा. या वेळी मी घाई करणार नाही.